डब्यांतून खोकी वजा

सुरुची खुर्चीत नीट टेकून बसलीच नव्हती. भोपाळच्या महाराणा प्रताप नगरातल्या आशिषच्या केबिनमध्ये ती खुर्चीच्या कडेवर बसून पायातली चप्पल काढत होती आणि पुन्हा घालत होती. आशिष म्हणजे तिच्या घरच्या मेसचा सीए. वयाने तिच्याहून लहान, आणि या वयाच्या पोरांना वाईट बातमी बेताबेताने सांगायची अक्कल अजून आलेली नसते. त्याने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे फिरवला आणि सांगून टाकलं की वहिनी, हे काम काही होणार नाही.

काम होतं कॅन्टीनचं. हबीबगंजजवळचं एक खासगी हॉस्पिटल आपलं कॅन्टीन चालवायला देणार होतं. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज, आणि अर्जाला सीएचा दाखला जोडायचा की गेल्या वर्षी तुमची उलाढाल अमुक एका आकड्याच्या वर होती. सुरुचीला त्या आकड्याची धास्ती कधी वाटलीच नव्हती. सकाळी साडेपाचला पेटलेली शेगडी रात्री दहाला विझते, हात पोळतात, कंबर धरते, आणि कागद म्हणतो की तुम्ही पुरेसं विकलंच नाही. ती आशिषला म्हणाली, पुन्हा बघ. त्याने पुन्हा पाहिलं. आकडा तोच.

या कॅन्टीनवर सगळं अडलं होतं. अयोध्या नगरातल्या घराच्या मागच्या पडवीत चालणारी ही मेस कोचिंग क्लासच्या मुलांवर जगत आली होती. आता होस्टेलवाल्यांनी स्वतःच्याच मेस काढल्या होत्या आणि महिन्यागणिक डबे कमी होत होते. नवरा तुषार कारखान्यात कंत्राटावर, त्याची नोकरी दर मार्चला नव्याने मिळायची. कॅन्टीन मिळालं नाही तर उन्हाळ्यापर्यंत मेसला टाळं लागणार, हे सुरुचीला रात्री झोप लागता लागता ठळक दिसायचं आणि मग झोप उडायची.

तिने बोटं मोडत सगळं पुन्हा मोजलं. मुलांचे डबे धरलेत, बारशाची ऑर्डर धरलीय, फराळ धरलाय. मग तिला एकदम आठवलं. प्रेसचे डबे?

प्रेस म्हणजे सुभाषकाकांचा छापखाना. सुभाषकाका म्हणजे तिच्या सासूबाईंचे, लीलावतीबाईंचे मानलेले भाऊ; नात्याने मामा, पण घरात सगळे काकाच म्हणत. दोन्ही कुटुंबं नागपूरकडची, सरकारी कचेऱ्यांबरोबर भोपाळला आलेली, एकाच चाळीवजा क्वार्टर्समध्ये वाढलेली. त्यांच्या प्रेसमधल्या आणि शेजारच्या बाइंडिंगवाल्याकडच्या कारागिरांना रोज मेसचे डबे जायचे. शिवाय दिवाळीत काकांच्या गिऱ्हाइकांना वाटायला फराळ जायचा. त्या बदल्यात मेसला लागणारी खोकी, लेबलं, पावतीपुस्तकं काकांकडून यायची. वर्षभर कोणी कोणाला पैसे मागायचे नाहीत. दिवाळीत दोघं बहीण-भाऊ वह्या घेऊन बसायचे. इकडे डब्यांची बेरीज, तिकडे खोक्यांची बेरीज, मोठ्यातून लहान वजा. उरेल तेवढा फरक ज्याने त्याने द्यायचा, आणि तो फरक तेवढा वहीत लिहायचा. मग एकमेकांच्या कागदावर सह्या, आणि त्या न वाचता. भावाचा कागद बहीण काय वाचणार आणि बहिणीचा भाऊ काय तपासणार. कागद वाचणं म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवणं, असं त्या घरात मानलं जायचं.

सुरुचीने लग्नानंतर काही वर्षांनी वह्या हातात घेतल्या तेव्हा ही रीत जशीच्या तशी उचलली. सासूबाईंनी पोळी लाटायला शिकवली तशी हीही शिकवली, आणि सुनेने दोन्हींत खोट काढली नाही. गेल्या वर्षी फरक उरला होता जेमतेम पंधराशे रुपये. आशिषकडे गेले ते तेवढेच.

हे ऐकून आशिषने पडदा पुन्हा आपल्याकडे फिरवला. मग त्याने समजावून सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत.

"वहिनी, वळतं करून घ्यायला कोणाची ना नाही. पैसे आपस में काट लो, चालतं. पण आधी पूर्ण विक्री लिहायची, पूर्ण खरेदी लिहायची, आणि मग एकाचं देणं दुसऱ्याच्या देण्यात वळतं करायचं. तुम्ही तर विक्रीच गायब केली. वर्षभर तुम्ही जेवू घातलं आणि कागदावर कोई खायाही नहीं."

उपाय होता. गेल्या वर्षाचं रिटर्न सुधारून भरता येत होतं. वरचा कर पडेल, थोडं व्याज पडेल, पण ते डबे धरले की उलाढाल त्या आकड्याच्या आरामात वर जात होती. फक्त आशिषला समोरच्याचं लेखी हवं होतं, की होय, वर्षभरात आम्ही इतक्याचं जेवण घेतलं आणि इतक्याचा माल दिला. त्यावर सुभाषकाकांची सही आणि प्रेसचा शिक्का. त्याशिवाय तो दाखला देणार नव्हता.

एवढंच ना, असं म्हणत सुरुची उठली. जिना उतरताना मात्र तिच्या पावलाला वेग आला आणि मध्येच ती थबकली. काका सही करतील, ते तर करतातच. पण ते वाचणार नाहीत. आणि पूर्ण आकडा एकीकडे धरला की तो दुसरीकडेही धरावा लागतो, हे तिला न कळण्याइतकी ती खुळी नव्हती. काकांची खोकी त्यांच्या विक्रीत चढणार होती. त्याने त्यांचं काय होईल? ती परत वर जाऊन विचारू शकत होती. गेली नाही. न विचारता सही घ्यायची सोय तिला हवी होती, आणि आपल्याला ती हवी आहे हेही तिला कळत होतं.

घरी आल्यावर ती सासूबाईंना काही बोलली नाही. दिवाळी तोंडावर आली होती, पडवीत भाजणीचा वास भरला होता, लीलावतीबाई मोठ्या कढईसमोर बसून डाळी परतत होत्या. कॅन्टीनचं काय झालं, त्यांनी विचारलं. होतंय, सुरुची म्हणाली आणि आत पळाली. रोजच्या डब्यांच्या चिठ्ठ्या काढून तिने बेरजा केल्या, चुकल्या, पुन्हा केल्या. कागद तयार झाला तरी जीव थाऱ्यावर येईना. फोन वाजला की दचकावं, दूध उतू जावं, तुषारने दोनदा हाक मारावी तेव्हा एकदा ऐकू यावं, असा तो दिवस गेला.

शुक्रवारी ती प्रेसवर गेली. काकांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि भिंतीशी रचलेल्या गठ्ठ्यांकडे बोट दाखवलं. मेसची दिवाळीची खोकी छापून तयार होती, पणत्यांचं चित्र, वर सोनेरी अक्षरात लीलावतीबाईंचं नाव. नव्या पोराकडून खास करवून घेतलंय, ते म्हणाले. सुरुचीने पर्समधून कागद काढला. काकांनी चष्मासुद्धा शोधला नाही. खिशातलं पेन काढून टोपण उघडलं आणि विचारलं, कुठे करू?

आता फक्त जागा दाखवायची होती. सुरुचीचं बोट कागदावर टेकलेलं होतं. पण ती खोकी समोर दिसत होती आणि तिला ते जमलं नाही.

"काका, वाचा आधी," ती म्हणाली.

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू सुनेने भर मांडवात त्यांना नावं ठेवली होती. मग त्यांनी ड्रॉवर उघडून चष्मा काढला. वाचायला फार वेळ लागला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. त्यांची विक्री एका मर्यादेच्या जरा खाली राहत आली होती. त्या मर्यादेखाली जीएसटीचा नंबर घ्यावा लागत नाही. हा कागद झाला की खोकी विक्रीत चढणार, मर्यादा ओलांडणार, नंबर घ्यावा लागणार. लग्नपत्रिका छापायला येणाऱ्याकडून टॅक्स मागितला की तो उठून गल्लीतल्या दुसऱ्या प्रेसमध्ये जाणार. मागच्या वर्षांचा करही निघेल ते वेगळंच. हे सगळं ते अगदी शांतपणे बोलले, आणि ते खोटं नव्हतं. सुरुचीला त्यांची कणव आली. पण त्याच वेळी तिच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. ही मर्यादा काकांना इतकी तोंडपाठ कशी?

"काका, नुसता फरक लिहायचा, हे आईंना कोणी शिकवलं?"

काकांनी चहाचा कप उचलला, पुन्हा ठेवला.

"मीच. ताईला काय समजायचं यातलं. आणि तेव्हा तुमची मेस होती केवढीशी? चार डब्यांची. तुम्हाला काय फरक पडत होता, बेटा?"

सुरुचीचं डोकं तडकलं. तेव्हा फरक पडत नव्हता हे कबूल. पण मेस वाढली, डबे वाढले, आणि दर वर्षी ती वाढ काकांच्या मर्यादेखाली दाबून ठेवली गेली, आणि याला सगळे आपलेपणा म्हणत आले. तिला हे सगळं बोलायचं होतं. तोंडून निघालं एवढंच की काका, मला सही पाहिजे. काका म्हणाले की विचार करतो, आणि ही खोकी घेऊन जा, सणाला अडायला नको. हा चांगुलपणा होता की टोला, तिला कळेना. खोकी घ्यावीत तरी पंचाईत, न घ्यावीत तरी पंचाईत. शेवटी फराळ कशात भरणार या विचाराने तिने रिक्षा बोलावली आणि गठ्ठे भरून घरी आणले.

सासूबाईंनी गठ्ठे पाहिले आणि खूश होऊन चित्रावरून हात फिरवला. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सुरुचीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कॅन्टीन, आशिष, कागद, मर्यादा. लीलावतीबाई ऐकत होत्या आणि कढईतलं धान्य परतत होत्या. त्यांचा पहिला प्रश्न असा आला की सुरुचीला रडूच फुटायचं बाकी होतं.

"तू सुभाषला कागद वाचायला लावलास?"

होय, ती म्हणाली. आता बोलणी खायची तयारी तिने केली. सुभाषकाकांबद्दल या घरात वेडंवाकडं बोलायची सोय नव्हती. सासरे भालचंद्रराव सेक्रेटरिएटमध्ये क्लार्क होते. ते अचानक गेले, पेन्शन अडकली, तेव्हा लीलावतीबाईंनी डबे सुरू केले. त्या वेळी काकांनी फुकटात पत्रकं छापून दिली होती आणि स्वतः सायकलवर फिरून कोचिंग क्लासच्या भिंतींवर चिकटवली होती. ही गोष्ट सुरुचीने इतक्यांदा ऐकली होती की तिला ती आपल्या डोळ्यांसमोर घडल्यासारखी वाटे.

पण बोलणी पडली नाहीत. सासूबाईंनी थोड्या वेळाने विचारलं, म्हणजे प्रेसच्या डब्यांचं कुठे काहीच लिहिलेलं नाही? सुरुची म्हणाली, नाही. एकाही वर्षी नाही? एकाही नाही. लीलावतीबाईंनी गॅस बंद केला. भाजणी अर्धवट कच्ची होती, तशी ती त्यांनी कधीच सोडली नसती. त्या हात धुऊन आत गेल्या आणि देवघरापाशी बसून राहिल्या. सुरुची दारातून दोनदा डोकावली. विचारायची हिंमत झाली नाही.

रात्रभर तिने कूस बदलली. काकांच्या बाजूने विचार केला की त्यांचं पटायचं, आपल्या बाजूने केला की अंगाचा भडका व्हायचा. पहाटे तिने ठरवलं की कॅन्टीनचा नाद सोडायचा. चहा होईपर्यंत तिने ते ठरवणंही सोडलं.

सकाळी डब्यांची घाई आटोपली तेव्हा लीलावतीबाई दारात उभ्या होत्या, लग्नाकार्यातली मोतिया साडी नेसून. स्कूटी काढ, त्या म्हणाल्या. कागद घेतलास ना? सुरुचीने विचारलं की आई, काकांशी भांडायचं नाही ना आपण. त्या पदर खोचून मागे बसल्या. सगळ्या वाटेत सुरुची गाडी चालवत नव्हती, नुसती ढकलत होती. सिग्नल लाल झाला की वैताग, हिरवा झाला की भीती.

काका प्रेसमध्ये होते. ताईला पाहून ते धडपडत उठले, मशीन बंद करायला सांगितलं, खुर्ची पुसली. लीलावतीबाई बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी आधी पत्रकांची आठवण काढली. तू पत्रकं छापलीस, चिकटवलीस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, त्या म्हणाल्या, आणि ते कुठल्याच हिशेबात धरायचं नाही, तुझ्याही नाही आणि माझ्याही नाही. काका म्हणाले, ताई, मी कुठे काही म्हणतोय. सुरुचीला वाटलं आता सहीचा विषय निघणार, म्हणून तिने पर्सची चेन उघडली. विषय निघाला तो भलताच.

"सुभाष, भाऊबीजेला तू ताटात ओवाळणी घालतोस. आणि जेवणं झाल्यावर वह्या घेऊन बसलो की खोक्यांच्या बेरजेखाली 'इतर' म्हणून एक आकडा मांडतोस. तो आकडा ओवाळणीचा असतो."

सुरुचीचा हात पर्समध्येच राहिला. तो 'इतर' तिनेही पाहिला होता, दरवर्षी. लेबलांचं किंवा शाईचं काहीतरी असेल म्हणून तिने तो बेरजेत घेतला होता, स्वतःच्या हाताने.

"पहिल्या वर्षी मला वाटलं चुकून झालं असेल," लीलावतीबाई सांगत होत्या. आवाज चढलेला नव्हता. "दुसऱ्या वर्षी वाटलं की तुझी ओढाताण असेल. मग मी विचारच सोडला. मी ताट घेऊन उभी राहते, तू पाकीट टाकतोस, आणि संध्याकाळी ते माझ्याच डब्यांतून वजा होतं. मी गप्प बसले, कारण कागद बघायचा नाही असं आपलं ठरलेलं. काल सुरुची म्हणाली की डबेही कुठे लिहिलेले नाहीत. मग राहिलं काय रे? मी रांधलेलंही नाही, आणि माझ्या भावाने मला आजवर एक रुपयाही घातलेला नाही."

मशीनवरचा कारागीर उगाचच फडकं घेऊन बाहेर गेला. काका म्हणाले, ताई, बेरीज करताना सगळंच एकत्र धरलं जायचं, माझ्या लक्षातच... आणि तिथेच थांबले. खोटं बोलणं त्यांच्याने पुढे रेटवलं नाही. त्यांचा चेहरा इतका उतरला की सुरुचीला वाटलं, पुरे झालं, जाऊ या घरी, नको ते कॅन्टीन. ती खरोखरच सासूबाईंच्या दंडाला हात लावून म्हणाली, आई, चला. लीलावतीबाईंनी तिचा हात बाजूला केला आणि तिच्या पर्समधून कागद स्वतः काढून टेबलावर ठेवला.

"हे वाच आणि सही कर. टॅक्सचं तुझं जे होईल त्यात माझं घर तुझ्या पाठीशी राहील. खोकी मी तुझ्याचकडून घेईन, टॅक्स लावून घेईन. पण जे मी केलं ते लिहिलेलं पाहिजे."

काकांनी चष्मा घातला. कागद त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मध्ये एकदा चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मग सही केली. शिक्का उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारला. सुरुचीने कागद घेतला. जे तिला हवं होतं ते तिच्या हातात होतं, अर्जाला अजून वेळ होता, आणि तिला जराही मोकळं वाटत नव्हतं. ती कॅन्टीनसाठी आली होती, सासूबाई कशासाठी आल्या होत्या हे तिला आत्ता कळत होतं.

लीलावतीबाई दाराकडे वळल्या तेव्हा काकांनी मागून हाक मारली. त्यांनी खिशातलं पाकीट काढलेलं होतं.

"ताई, सगळ्या वर्षांची मिळून किती झाली असेल ती?"

"मला माहीत आहे," लीलावतीबाई म्हणाल्या. "तुला सांगणार नाही. सांगितलं तर तू आत्ता मोजून देशील, आणि मग आपल्या दोघांत काही उरणार नाही."

त्या पायऱ्या उतरून गेल्या. काका पाकीट हातात धरून तसेच उभे राहिले, आणि सुरुची कागदाची घडी घालून सासूबाईंच्या मागे धावली.